वर्महोल फुसका निघाला म्हणून थिअरीवाल्यांना घरी बसवायचं?

खडूफळा
'रोखठोक' यांच्या परवाच्या पोस्टला उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं, की वेगळा धागाच काढतोय. पोस्ट ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी सार: २०२२ मध्ये क्वांटम कॉम्प्युटरवर वर्महोल (अवकाशातल्या दोन जागा जोडणारा बोगदा) बनवल्याचा गाजावाजा झाला आणि तो फुसका निघाला. स्ट्रिंग थिअरीवाले (कण म्हणजे सूक्ष्म तारांची कंपनं, असं मानणारे) चाळीस वर्षं जनतेच्या पैशावर गणितं सोडवताहेत आणि हाती भोपळा. तेव्हा ही दुकानं बंद करा, पैसा हिंगोलीत होणाऱ्या लायगोला, म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या यंत्राला द्या. खाली पंचवीस जणांचे 'सडेतोड!', 'अगदी मनातलं!'.

वर्महोलबद्दलचा राग रास्त आहे. गूगलच्या सिकॅमोर चिपवरचे ९ क्युबिट (क्वांटम बिट), त्यांच्यावरच्या १६४ क्रिया, म्हणजे गेट. गुरुत्वाकर्षणाचं खेळण्यातलं रूप मानलं जाणारं एसवायके मॉडेल मशीन लर्निंगने इतकं छाटलं, की उरलेल्या सापळ्यात गुरुत्वाकर्षण शिल्लक राहतं का, हाच प्रश्न. ९ क्युबिट म्हणजे ५१२ आकडे, कुठलाही लॅपटॉप सांभाळेल. पण ही टीका केली कोणी? कोब्रिन, शूस्टर, याओ यांनी, म्हणजे त्याच गल्लीतल्या माणसांनी, तीन महिन्यांच्या आत. मथळे देणारे तोवर पुढच्या बातमीवर गेले होते.

आता तुमचं लाडकं लायगो. अमेरिकेतल्या लायगोत १४ सप्टेंबर २०१५ ला पहिला सिग्नल आला. तो गोंगाटातून ओळखायचा तर कृष्णविवरांच्या टकरीची लहर कशी दिसेल हे आधी कागदावर काढलेलं लागतं. कृष्णविवर हादरलं की विशिष्ट सुरात थरथरत शांत होतं, हे विश्वेश्वरांनी १९७० मध्ये दाखवलं. फिरत फिरत जवळ येणाऱ्या जोडीचं गणित बाला अय्यर आणि मंडळींनी नव्वदच्या दशकात पुढे नेलं. गोंगाटातून लहर उचलायच्या फिल्टरांवर आपल्या पुण्यात आयुकामध्ये धुरंधर आणि सत्यप्रकाश यांचा पेपर १९९१ चा. तेव्हा लायगोची इमारतही उभी नव्हती.

आणि ज्या स्ट्रिंग थिअरीने काहीच दिलं नाही म्हणता, तिच्यातून १९८६ मध्ये कवाई, लेवेलिन आणि टाय यांना एक नातं सापडलं: गुरुत्वाकर्षणाची गणितं ही अणूच्या गाभ्याला बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनसारख्या कणांच्या गणितांचा एक प्रकारचा गुणाकार म्हणून मांडता येतात. त्याच वाटेने जाऊन बर्न आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दोन कृष्णविवरांच्या एकमेकांवरच्या ओढीचं गणित न्यूटनच्या स्थिरांकाच्या तिसऱ्या घातापर्यंत, म्हणजे आधीपेक्षा एक पायरी अचूक नेलं. लायगोसाठी उपयोगी आहे हो हे.

राहता राहिला पैसा. थिअरीवाल्याला लागतं काय? फळा, खडू, चहा आणि पगार.

रोखठोक
मास्तर, माझ्या पोस्टचा हवा तो भाग उचललात. धुरंधर किंवा अय्यर यांच्यावर मी अवाक्षर काढलेलं नाही. त्यांच्या गणिताला कसोटी ठरलेली होती: यंत्र बांधलं, लहर आली, जुळली. तुमच्या स्ट्रिंगवाल्यांची कसोटी कुठली?

एलएचसी (कण एकमेकांवर आदळवणारं जिनिव्हाजवळचं यंत्र) सुरू होण्याआधीची व्याख्यानं मी स्वतः ऐकली आहेत. सुपरसिमेट्री, म्हणजे प्रत्येक कणाला एक जोडीदार कण, म्हणे पहिल्या काही वर्षांत हाती लागणार. २०१२ मध्ये हिग्ज कण सापडला, १२५ जीइव्हीचा (कणाचं वस्तुमान मोजायचं एकक). त्यानंतर? शून्य. मग सांगायला लागले की कण आहेत पण जड आहेत, मोठं मशीन द्या. आता ९१ किलोमीटरचा बोगदा हवाय. डिसेंबर २०१५ ला ७५० जीइव्हीजवळ डेटात एक उंचवटा दिसला, तर ऑगस्टपर्यंत त्यावर पाचशेच्या आसपास पेपर. ऑगस्टमध्ये उंचवटा गायब. त्या पेपरांवर नोकऱ्या मात्र मिळाल्या असणार.

एक कण दाखवा. एकच. मग बोलू.

सिग्मा_पाच
रोखठोक, ७५० वर तुटून पडलेले लोक फिनॉमेनॉलॉजीवाले, प्रयोगाच्या डेटाशी थिअरी जुळवणारे. स्ट्रिंगवाल्यांच्या खात्यावर ते कशाला लिहिताय?

मी याच क्षेत्रात पोस्टडॉक आहे (देश सांगत नाही, सल्लागार मराठी आहेत!). सुपरसिमेट्री 'उद्या सापडेल' म्हणून छातीठोक सांगणाऱ्यांनी गप्प बसावं, हे मान्य. पण आज आमच्या ग्रुपमध्ये त्यावर कोणी काम करत नाही. चर्चा असते ती एंटँगलमेंटची, म्हणजे दूरच्या कणांच्या क्वांटम गुंत्याची. कृष्णविवरात पडलेली माहिती बाहेर येते का, या हॉकिंगच्या जुन्या कोड्यात २०१९ मध्ये मोठी हालचाल झाली. कृष्णविवराचं बाष्पीभवन होताना बाहेर पडलेल्या किरणांची एंट्रॉपी (आतल्याशी असलेल्या गुंत्याचं माप) आधी वाढून मग उतरायला हवी, तो उतार गुरुत्वाकर्षणाच्याच गणितातून निघाला. त्याआधी अल्महेरी, डाँग, हार्लो यांनी दाखवलं की होलोग्राफीतलं अवकाश (ज्यातलं गुरुत्वाकर्षण त्याच्या सीमेवरच्या क्वांटम गणितात लिहिता येतं) चुका दुरुस्त करणाऱ्या एरर-करेक्टिंग कोडसारखं वागतं. डिसेंबर २०२४ ची गूगलची १०५ क्युबिटची विलो चिप आठवतेय? तिच्यावरच्या सरफेस कोडचं, म्हणजे अशाच चुका दुरुस्त करणाऱ्या कोडचं मूळ किताएवच्या १९९७ च्या कामात आहे. किताएव म्हणजे एसवायकेमधला 'के'. एकच माणूस दोन्हीकडे आहे, हा योगायोग वाटतो का तुम्हाला?

रोखठोक
आणि ते होलोग्राफीतलं अवकाश कुठलं? अँटी-डी-सिटर, ऋण वक्रतेचं. आपलं विश्व तसं नाही, ते वाढत्या वेगाने पसरतंय, हे १९९८ मध्येच सुपरनोव्हांनी सांगितलं. जे विश्व अस्तित्वात नाही त्यातली माहिती शाबूत राहिली, अभिनंदन.

इलेक्ट्रॉनिका
क्वांटमचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडची गंमत. नॅशनल क्वांटम मिशनला २०२३ मध्ये ६,००३ कोटी मंजूर झाले आणि गावोगावच्या कॉलेजांना साक्षात्कार झाला. आमच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबच्या दारावर आता 'क्वांटम टेक्नॉलॉजी सेंटर' अशी अ‍ॅक्रिलिकची पाटी. आत तोच ऑसिलोस्कोप, ज्याच्या पडद्यावर मधोमध आडवी रेघ जळून बसली आहे आणि एक प्रोब सेलोटेपने बांधलेला. उद्घाटनाला लेझर पॉइंटर लावून ठेवला होता. पाहुण्यांनी विचारलं, हाच का क्युबिट? कोणी नाही म्हणालं नाही.

जाईजुई
फळा, खडू, चहा आणि पगार, असं खडूफळा सर लिहून गेले. तो पगार वेळेवर मिळतो का, हे विचारा कधी. माझी मुलगी कंडेन्स्ड मॅटर थिअरीत पीएचडी करते. संस्थेचं नाव घेत नाही. जेआरएफ ही फेलोशिप महिना ३७,००० आहे, २०२३ पासून. कागदावर. दिवाळीला थांबलेली फेलोशिप गुढीपाडव्याला आली. मध्ये घरमालकाला भाडं आम्ही पाठवलं. पोर्टलवर 'अंडर प्रोसेस', फोन केला की 'मॅडम, फाइल वर गेली आहे'. वर म्हणजे कुठे, ते हॉकिंगलाही सांगता आलं नसतं.

चाकणकर
ताई, राग मानू नका, पण ३७,००० कमी आहेत का हो? माझा धाकटा भाऊ डिप्लोमा करून कंपनीत रात्रपाळीला उभा राहतो, कंत्राटी, त्याला २० हजारांच्या आतच मिळतात. तोही टॅक्स भरतो, निदान जीएसटी तरी. त्याच्या पैशावर कोणी अँटी-काय-ते विश्व मोजत बसणार आणि वर तक्रार.

जाईजुई
भावाला कमी मिळतात म्हणून माझ्या मुलीला उशिरा मिळावेत? कंत्राटदाराला विचारा ना जाब. तिथे तोंड उघडत नाही कोणाचं.

चाकणकर
तोंड उघडलं म्हणूनच आधीच्या कंपनीतून काढलं त्याला. माहीत नसताना बोलू नका.

सिग्मा_पाच
दोघंही एकाच बाजूचे आहात खरं तर. चाकणकर, ३७,००० हा आकडा नेट परीक्षा काढलेल्यांचा. नेट न काढता विद्यापीठात पीएचडी करणाऱ्यांना याच्या आसपासही काही मिळत नाही. माझ्या बॅचचा सगळ्यात हुशार मुलगा, क्वांटम फील्ड थिअरी ज्याने आम्हा सगळ्यांना शिकवली, तो फेलोशिप अडकल्यावर कंटाळून फायनान्समध्ये गेला. आता ऑप्शनच्या किमती काढतो.

रोखठोक
म्हणजे स्ट्रिंगवाल्यांनी बाजारात एक तरी भाकीत खरं करून दाखवलं. छान.

सिग्मा_पाच
हा विनोद आमच्या कँटीनमध्ये तुमच्या आधी झालाय.

इलेक्ट्रॉनिका
जाईजुई ताई, युटिलायझेशन सर्टिफिकेट (आधीचा पैसा खर्च झाल्याचा दाखला) वेळेवर गेलं होतं का ते अकाउंट्समध्ये विचारा. आमच्याकडे क्लार्क बदलला की ते अडकतं, सही एकाची आणि शिक्का दुसऱ्याच्या कपाटात. मुलीला म्हणावं ईमेलवर विसंबू नको, समोर जाऊन उभी राहा.

जाईजुई
उभी राहिली होती. 'साहेब जेवायला गेलेत.' तरी पुन्हा पाठवते, आभार.

औंढेकर
आमच्या जिल्ह्याच्या नावानं भांडण चाललंय म्हणून लिहितो. हिंगोली, हिंगोली काय लावलंय? लायगोला तत्त्वतः मंजुरी २०१६ ला, २,६०० कोटी मंजूर झाले २०२३ ला. घोषणा झाली तेव्हा जी पोरं सातवीत होती ती डिग्र्या घेऊन घरी बसली. दोन दोन हजार मीटरच्या नाही, चार चार किलोमीटरच्या भुजा होणार आहेत, हे आम्हाला पाठ झालंय. रोखठोक साहेब, स्ट्रिंगवाल्यांचे पगार कापून त्यात किती भर पडेल, तेवढा हिशोब टाका. नाहीतर आमचं गाव वादातून वगळा.

खडूफळा
औंढेकरांनी दोन ओळीत सांगितलं, मला पान लागलं. देशभरातले स्ट्रिंगवाले मोजले तरी त्यांच्या पगारात या यंत्राचा एक कोपरा उभा राहायचा नाही. यंत्र उभं राहिल्यावर डेटा वाचायला माणसं लागतील ती कुठून आणणार? आज थिअरी शिकलेली जाईजुई ताईंच्या मुलीसारखीच मुलं.

रोखठोक
पैशाचा मुद्दा सोडतो. औंढेकरांसाठी सोडतो, तुमच्यासाठी नाही. पण मूळ आक्षेप तसाच आहे. २००३ मध्ये केकेएलटीने (चार लेखकांची आद्याक्षरं) आपल्यासारखं प्रवेगी विश्व स्ट्रिंग थिअरीत बसवून दाखवलं, त्यातले त्रिवेदी आपल्या मुंबईच्या टीआयएफआरचे, कौतुक आहेच. मग २०१८ मध्ये वाफा आणि मंडळी म्हणतात की असं विश्व या थिअरीत बहुधा नाहीच. शक्य विश्वं किती, तर १ वर ५०० शून्यं. काहीही दिसलं तरी त्यात बसणार. याला विज्ञान म्हणायचं?

सिग्मा_पाच
उलट तुम्हीच उदाहरण दिलंत. वाफांचं खरं असेल तर डार्क एनर्जी (विश्वाचं पसरणं वेगवान करणारी ऊर्जा) स्थिर राहू शकत नाही, हळूहळू बदलायला हवी. २०२४ आणि २०२५ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या डेसी या दीर्घिकांच्या सर्वेक्षणात ती बदलत असल्याचा इशारा मिळालाय. पाच सिग्मा (शोध मान्य व्हायला लागते तेवढी खात्री) नाहीत अजून, म्हणून मी नाचत नाही. पण डेटा आला की एका बाजूला हरावं लागेल.

रोखठोक
आणि डार्क एनर्जी स्थिर निघाली तर वाफा 'आमचा अंदाज होता, सिद्धांत नव्हता' म्हणून मोकळे. त्या दिवशी थिअरी हरली असं लिहून देणार का? इथेच, या धाग्यावर?

सिग्मा_पाच
वाफांचा तो अंदाज हरला असं लिहीन. स्ट्रिंग थिअरी हरली असं नाही, कारण मग केकेएलटीवाले जिंकतील.

रोखठोक
बघा मास्तर. हेच म्हणत होतो मी.

खडूफळा
त्यांच्या या उत्तराने माझीही पंचाईत केलीय, कबूल. पण १९८६ च्या गुणाकाराचं उत्तर तुमच्याकडून अजून आलेलं नाही.

रोखठोक
तो पेपर वाचतोय. बर्न यांचा. सोपा नाहीये, रविवारपर्यंत धीर धरा.