जुन्याचं नवं: तुमच्या घरी काय काय उसवलं गेलं?

पेठेतली

आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलीय, पुढच्या महिन्यात जागा सोडायची. त्यामुळे सध्या माळे उतरवणं, रद्दी, भांडीकुंडी हेच चालू. काल आईचं पायमशीन हलवलं आणि ड्रॉवरमधून बटणांचा डबा निघाला. पत्र्याचा, गंजलेला. उघडताना सगळी बटणं फरशीवर. वेचत होते तेवढ्यात कुरिअरवाला लेकीचं पार्सल देऊन गेला. इन्स्टावरून मागवलेला थ्रिफ्टचा शर्ट, सहाशे रुपये, कुणाचा तरी घातलेला, खांदे हिच्या दंडापर्यंत उतरलेले. "आता मी हा क्रॉप करणार," म्हणाली. आणि मला एकदम आमचं मे महिन्यातलं बोचकं आठवलं.

दर मे महिन्यात प्रभात रोडच्या आत्याकडून ते बोचकं यायचं. आतेबहिणीचे फ्रॉक, आतोबांच्या पँटी, एकदा तर पडदे. आई दुपारचं सगळं आवरून दारात उजेडाला बसायची आणि अर्ध्या ब्लेडनं उसवायला घ्यायची. मला हात लावू द्यायची नाही, कारण मी खेचायचे. खेचलं की कापड शिवणीवर फाटतं, अर्धा इंच जातो, आणि सगळा खेळ त्या अर्ध्या इंचाचा. मग धुवून, इस्त्री करून प्रत्येक तुकडा उलटा करून बघायचा. आतल्या बाजूला ऊन लागलेलं नसतं, रंग शाबूत असतो. ती बाजू वर घ्यायची. आखायला साबणाची चिपटी. पण या सगळ्याच्या आधी, बोचकं सुटल्या सुटल्या, बटणं कापून डब्यात. आमच्या कपड्यांना दुसरी बटणं लागायची. आई म्हणायची, लोक कापड विसरतात, बटणं विसरत नाहीत.

सहावीत तिनं आतेबहिणीच्या दोन फ्रॉकांचा मिळून मला एक शिवला. मी तोच घालून तिच्याच वाढदिवसाला गेले. ती म्हणते, "कसला भारी आहे गं, तुळशीबागेतून घेतलास?" मी आईकडे बघितलं. आई शांतपणे वेफर्स खात होती.

हे लेकीला सांगितलं तर म्हणते, "म्हणजे आजी अपसायकल करायची!" म्हटलं हो, आणि आजोबा एका पगारात सहा माणसं अपसायकल करायचे.

तुमच्याकडचं लिहा. फसलेलं असेल तर आधी लिहा.


कुकरची_शिट्टी

बटणांचा डबा!!! आमच्याकडे बिस्किटांचा होता. लहानपणी पत्ते खेळताना पैसे म्हणून तीच बटणं. नंतर लिहिते सविस्तर, तिसरी झाली.


नळस्टॉप

कॉलर उलटवणे. कुणी लिहिलं कसं नाही अजून?

आजोबा सरकारी कचेरीत. पांढरे शर्ट चार. मानेच्या घडीवर कॉलर विरली की आजी ती पट्टीपासून उसवून काढायची, पालथी करायची आणि परत त्याच पट्टीत बसवायची. विरलेली बाजू खाली, कोरी वर. शर्ट आणखी दोन वर्षं चालायचा. पण हे एकदाच करता येतं. दुसरी बाजूही गेली की शर्टाचा मागचा खालचा भाग, जो पँटीत खोचलेला असतो आणि कुणाला दिसत नाही, तो कापून त्याची नवी कॉलर. मग शर्ट आखूड झाला म्हणून आजोबांनी तो बाहेर सोडायचा नाही, हात वर करायचा नाही. बसमध्ये वरचा दांडा धरायची बंदी होती त्यांना. कफ विरले की हाफ शर्ट. हाफ शर्ट विरला की सायकल पुसायचं फडकं. आणि फडक्यालाही खिसा तसाच असायचा, उसवायचा राहिलेला.


रातराणी

दांडा धरायची बंदी 😂😂


अर्धा_वार

मी गुन्हा कबूल करते. सेकंड इयर, कॉलेजचा ट्रॅडिशनल डे. कपाटात खालच्या कप्प्यात एक इरकल होती, कुणी नेसत नव्हतं. यूट्यूब बघून मी तिचा लाँग कुर्ता कापला. टोपपदराचा लाल भाग बरोब्बर पाठीवर घेतला. झकास झाला. घालून बाहेर आले तर आई सोफ्यावर बसली, म्हणजे उभी होती ती बसली. आजीची होती. आजीच्या मंगळागौरीची.


नळस्टॉप

इरकल कापलीस. पदरात कात्री घातलीस. देव तुझं भलं करो.


अर्धा_वार

आठ दिवस आई बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, गळ्याची पट्टी सरळ कापडाची लावलीयस म्हणून चुण्या पडतायत, उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, लावायला हवी होती. आणि स्वतः उसवून लावून दिली. माफ केलं असं अजून तोंडानं म्हणालेली नाही.


सुईदोरा_४११०३८

साड्या कापाव्यात या मताची मी आहे, शिव्या द्या हवं तर. रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवली तर घडीवरच चिरते. मग ती नेसताही येत नाही. माझ्या सासूबाईंची पैठणी अशीच गेली, प्रत्येक घडीवर एक उभी चीर. मधल्या चांगल्या भागाची दोन पोलकी झाली, काठाची तोरणं. ज्यांच्या धड आहेत त्यांनी निदान चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला.

आणि जुनी जर विकत घेणारे दारावर येतात ना, त्यांना द्यायच्या आधी विचार करा. खऱ्या जरीत चांदी असते (नकलीला टेस्टेड म्हणतात), म्हणून तर ते साडी वजनावर मागतात. मी एक हिरवी साडी मोठ्या आशेनं दाखवली. त्यानं काठ दगडावर घासला आणि म्हणाला, "ताई, टेस्टेड आहे, नेसा तुम्हीच."


रातराणी

नेसा तुम्हीच!! 🤣 अवांतर: गणपतीच्या मखरामागे लावायला कुणाकडे मोठ्या काठाची जुनी साडी आहे का? पिनांची भोकं पडतील हे आधीच सांगते.


जुना_भिडू

जुना बाजार. बुधवार आणि रविवार. दहा वर्षांचा नेम आहे माझा, बायको म्हणते देवळात एवढा गेला असतास तर. एका रविवारी ब्लेझर घेतला अडीचशेला, कापड लोकरी, अस्तर धड. घरी आल्यावर आतल्या खिशात पीएमटीचं, म्हणजे पुण्याच्या सिटी बसचं, तिकीट सापडलं. पीएमटी २००७ मध्ये पीएमपीएमएल झाली, म्हणजे तेव्हापासून त्या खिशात कुणी हात घातला नसावा. तिकीट ठेवलंय जपून.

कापड ओळखायचं असेल तर आतल्या शिवणीतला एक धागा उपटून मोरीत काडी लावा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास आणि राख. पॉलिस्टरची वितळून कडक गोळी होते. लोकर, रेशीम असेल तर केस जळल्याचा वास. बाजारात उभं राहून करू नका, मी केलंय, हाकलतात.

खांदे मोठे होते. खांदे घरी लहान करायचा नाद करू नका. बाही काढा, आतला कॅनव्हास काढा, परत सगळं बसवा, आपल्या बापाला जमणार नाही. मी बाह्याच काढून टाकल्या आणि जाकीट केलं. बाह्यांची बाटलीची कव्हरं झाली. लेक म्हणतो बाबा, बाटलीला थंडी वाजत नाही.


कुकरची_शिट्टी

आले परत. अडीचशेला ब्लेझर?? मी परवा कॅम्पात जॅकेटला पंधराशे मोजले.

आमची बोहारीण आठवते का कुणाला? डोक्यावर भांड्यांची पाटी. आई आणि ती दारात तासभर. "ह्या पँटवर चहाचं पातेलं नाय येत बाय, अजून एक साडी टाक." एकदा आईनं बाबांची विटकी पँट दिली. पुढच्या आठवड्यात बाबांना जुन्या बाजारात ती पँट दिसली. घासाघीस करून विकत घेऊन आले, खूश होऊन, म्हणाले मापाची मिळाली अगदी. पातेलं अजून आहे माझ्याकडे. दूध त्यातच उतू जातं रोज.


आजोळ_नारायणपेठ

मी १९६१ साली आठ वर्षांची होते. १२ जुलैला पानशेत फुटलं. आम्ही वरच्या मजल्यावर होतो म्हणून वाचलो, पण आमचं घर खाली होतं. पाणी ओसरल्यावर आत गुडघाभर गाळ. ट्रंक सापडली, आतल्या साड्या सगळ्या एकाच रंगाच्या झाल्या होत्या. धुवायच्या कशा? धरणंच गेलेली, नळाला पाणी नाही. वाड्यातल्या आडावर रांग.

आम्ही शाळेत राहायला होतो. तिथे कपडे वाटले, कुठून कुठून आलेले. मापं बघून कोण देतंय. माझ्या वाट्याला पुरुषाचा काळा कोट आला. मी रडले. आईचं मशीन गाळात, त्यामुळे तिनं हातानं, वर्गाच्या बाकावर बसून, त्याचं अस्तर सोडवलं. सॅटिनसारखं करड्या रंगाचं. त्याचा मला परकर, आणि उरलेल्याची धाकटीला कुंची. धावदोऱ्याचे टाके, पण इतके बारीक की पुढे मशीन आल्यावरही तिनं ते उसवले नाहीत. कोट बाबांनी घातला, बिनअस्तराचा, चौदा वर्षं. काखेत टोचायचा म्हणायचे.

डोळ्यांमुळे जास्त टाईप होत नाही. नात करून देतेय.


पेठेतली

आजी, काय लिहिलंत. बाकावर बसून... आमच्या शाळेत अजून तसेच बाक होते. नातीलाही थँक्यू सांगा.


सुईदोरा_४११०३८

आजी 🙏


कडूकारलं

सगळे गोड लिहितायत, मी माझ्या नावाला जागते.

मला नाही आवडायचे उतरलेले कपडे. थोरली ताई, मग मधली, मग मी. माझ्यापर्यंत येईस्तोवर कोपरं पारदर्शक. आई हौसेनं भरतकामाचं फूल काढायची भोकावर आणि सगळे म्हणायचे किती सुंदर. मला फुलाखालचं भोक दिसायचं. दिवाळीला सुद्धा डांबरगोळीचा वास. एकदा वर्गात एकीनं फ्रॉक ओळखला, म्हणजे पेठेतलीची आतेबहीण बिचारी भोळी होती, माझ्या वर्गातली नव्हती. पहिल्या पगारात लक्ष्मी रोडवर जाऊन तीन ड्रेस घेतले, तिन्ही महाग, तिन्ही वाईट. आजही कुणी "मुलीला होईल तुझ्या" म्हणून पिशवी पुढे केली की पोटात गोळा येतो. घेते, आणि तशीच पुढे देते.


अर्धा_वार

कडूकारलं, मिठी.


नळस्टॉप

बरं केलंत लिहिलंत. आजोबांच्या दांड्यावर आपण हसलो, पण त्यांना काय वाटत असेल हे मी आजवर कधी विचारात घेतलं नव्हतं.


बाळाची_आई

मांडीवर बाळ, एका हातानं टाईप करतेय. संक्रांतीला पहिलं बोरन्हाण होतं. काळं झबलं विकतचं बघितलं, टोचणारी नेट आणि चमकी. मग सासूबाईंनी त्यांची चंद्रकळा काढली. धुवून धुवून साय झालेली. झबलं, टोपडं दोन्ही झालं आणि काठ खालून फिरवला. वर हलव्याचे दागिने. फोटो काढेपर्यंत चिरंजीवांनी बाजूबंद चाटून संपवला.


मशीनबंद

जीन्स कुणी शिवली आहे का घरी? पायाची उंची कमी करताना बाजूच्या जाड शिवणीवर सुई तुटते. तीन तुटल्या.


सुईदोरा_४११०३८

१४ नंबरची असेल. १६ किंवा १८ लाव. आणि तो जाड भाग आधी बत्त्यानं ठेच, खाली पाटा घे. चपटा झाला की मशीन मुकाट जातं. तिथे पाय मारू नकोस, चाक हातानं फिरव.


मशीनबंद

बत्ता!! सासरे बघतायत स्वयंपाकघरातून 😄 झालं पण. आता मशीनच्या चाकाचा पट्टा घसरतोय.


सुईदोरा_४११०३८

चामड्याचा ना? ढिला पडतो. अर्धा इंच काप, टोकाला टोच्यानं भोक पाड आणि तीच तार परत अडकवून पक्कडीनं दाब. नवीन हवा असेल तर रविवार पेठेत मिळेल.


रातराणी

जीन्सच्या पायाची पिशवी प्रत्येक घरात एक असतेच आणि तिच्यातून कुणी कधी भाजी आणलेली नाही. आमच्याकडे तीन आहेत.

साडीचं कुणीच बोललं नाही अजून. मखर!


कुकरची_शिट्टी

माझ्याकडे आहे, जांभळी, पण कोथरूडला येऊन घेऊन जा. आणि भोकं पडली तरी चालतील, मुळात आहेतच.


जुना_भिडू

पेठेतलीताई, मूळ विषयावर येतो. तुमच्या डब्यात कोटाचं मोठं काळं बटण आहे का, चार भोकांचं? जाकिटाचं एक पडलंय कुठेतरी.


पेठेतली

आत्ता सगळा डबा ताटात ओतून बघितला. काळी मोठी पाच आहेत. आतोबांची असणार. पण एकच लावू नका हो, लगेच ओळखू येतं. जाकिटाला एकूण किती आहेत?


जुना_भिडू

तीन.


पेठेतली

मग तीन काढून ठेवते. शनिवारच्या आत या, रविवारी पॅकर्सवाले येतायत.


जुना_भिडू

रविवारी तसाही बाजार असतो. शनिवारी येतो.