रडकी इंग्रजी गाणी: तुमची कुठली? (अनुभव धागा)

हिरवा_माठ
काल दाताच्या डॉक्टरांकडे रूट कॅनाल चालू होतं. तोंडाचा आ, गालात कापूस, आणि त्यांच्या स्पीकरवर लागलं एअर सप्लायचं 'मेकिंग लव्ह आउट ऑफ नथिंग ॲट ऑल'. शेवटी ते चढत चढत जातं ना, तिथे मी हात वर केला. डॉक्टरांना वाटलं दुखतंय. मला फक्त त्यांचं मशीन बंद हवं होतं.

हे गाणं लिहिणारा जिम स्टाइनमन, आणि बॉनी टायलरचं 'टोटल एक्लिप्स ऑफ द हार्ट' पण त्याचंच. १९८३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ही दोन्ही पहिल्या-दुसऱ्या नंबरावर होती. लोकांना रडवायचं कंत्राटच होतं बाबाकडे.

आमच्या हॉस्टेलवर (सांगली, नव्वदची सुरुवात) वरच्या मजल्यावरची केसाळ, हेवी मेटल (म्हणजे कर्कश रॉक) ऐकणारी मंडळी असलं ऐकणाऱ्यांना 'बुळे' म्हणायची. आणि रात्री लाइट गेली की त्यांच्याच खोलीतून सेलवरच्या टेपवर स्कॉर्पियन्स या रॉक बँडचं सगळ्यात हळवं गाणं यायचं! तेव्हा लपून ऐकायचो, आता डॉक्टरांच्या खुर्चीत ऐकतो. लाज गेली, गाणी राहिली. तुमचं लिहा. हसायला परवानगी आहे.

साडेनऊची_लोकल
रिचर्ड मार्क्स. विषय संपला.
'राइट हिअर वेटिंग', १९८९. त्याची प्रेयसी शूटिंगला दक्षिण आफ्रिकेत, याला व्हिसा मिळेना, म्हणून लिहिलं. म्हणजे मूळ दुःख व्हिसाचं. आमच्या घरात निम्म्या लोकांना हेच दुःख आहे, एकालाही चाल सुचली नाही.

पोळ्या_लाटतेय
मायकल लर्न्स टू रॉक कुणीच कसं नाही लिहिलं?? डेन्मार्कची पोरं, पण आपल्याकडे प्रत्येक कॉलेजच्या गॅदरिंगला कुणीतरी त्यांचं गाणं गाऊन पडायचंच. ह्यांना लग्नानंतर कितीतरी दिवस वाटत होतं की मायकल म्हणून कुणी एक माणूस आहे आणि तो अजून शिकतोय. बाकी नंतर, तवा तापला.

बेसगिटार
ऑर्केस्ट्रात वाजवायचो, तेव्हा आतली गोष्ट सांगतो. पहिलं कडवं नुसता पियानो किंवा साधी गिटार, गायक कानात बोलल्यासारखा. दुसऱ्याला बेस आणि ड्रम. धृपदाला गिटारचं डिस्टॉर्शन, म्हणजे खरखरीत आवाज. मग सोलो, आणि त्यानंतर बऱ्याचदा पट्टी चढवतात. लोक म्हणतात काटा आला. तो काटा त्या पट्टीचा. बॉन जोव्हीचं 'लिव्हिन ऑन अ प्रेयर' बॅलड, म्हणजे असलं हळवं संथ गाणं, नाही, पण तिथे शेवटी पट्टी एकदम तीन अर्धस्वर वर जाते. आमचा गायक तिथपर्यंत आला की माइक पब्लिककडे फिरवायचा. पब्लिकला वाटायचं आपल्याला मान दिला.

हिरवा_माठ
@बेसगिटार माइक फिरवणारा हाहाहा. आमच्या गणपतीत हाच इसम होता बहुतेक.

मांडवीतीर
आमच्याकडे गोव्यात ही गाणी जुनी झालीच नाहीत हो. शेजाऱ्यांच्या लग्नात टोस्ट झाला की नवरा-नवरीचा पहिला नाच, आणि बँड हमखास असलंच हळू काहीतरी घेणार. मग काका-काकू उठतात. एरवी एकमेकांशी फक्त गॅस सिलिंडरबद्दल बोलणारी माणसं! आमचा एक शेजारी म्हणायचा, हे म्हणजे इंग्लिश मांडो (आमचं जुनं कोकणी नाचगाणं). पटलं मला. मांडोही असाच हळू, विरहाचा, आणि धाय मोकलून रडतानाही पावलं मात्र तालात.

शेव_जास्त
सोलापूर, मराठी मीडियम. थोडं लांबेल, दुपार मोकळी आहे.

मामेभाऊ मुंबईला होता, तो काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून कॅसेट आणायचा. मला गाण्यापेक्षा आतल्या घडीच्या कागदाचं वेड. त्यावर शब्द छापलेले असायचे, मुंगीएवढ्या अक्षरात. मी ते वहीत उतरवायचे, डिक्शनरी घेऊन अर्थ लिहायचे, आणि मग टेप लावून एकेक ओळ. प्ले, स्टॉप, रिवाइंड. रॅपिडेक्सवाल्या पुस्तकातली माणसं सारखी स्टेशनवर नाहीतर बँकेत असायची. ही माणसं निदान जीव लावून बोलत होती. आणि हळू बोलत होती हे मुख्य! मेटलवरून कुणाचं इंग्रजी सुधारलं असेल तर हात वर करा.

परिणाम एवढाच की माझ्या इंग्रजीत अजून थोडा विरह आहे. ऑफिसच्या मेलमध्ये 'मी तुमच्या उत्तराची वाट बघत राहीन' छापाचं काही लिहिलं की टीममधली पोरं म्हणतात, मॅडम, व्हेंडर आहे तो.

ऱ्हिदम हाऊस २०१६ ला बंद झालं तेव्हा भावाने फोन केला होता. दोघंही कॅसेटवरच बोलत बसलो. मामी गेल्यानंतरचा आमचा पहिला नीट फोन तो.

साडेनऊची_लोकल
@शेव_जास्त 'व्हेंडर आहे तो' 😂😂 आणि शेवटचं वाचून गप्प झालो. वही आहे का अजून?

शेव_जास्त
आहे. मुलीने मागच्या पानांवर गणितं केलीत.

तात्या_निवृत्त
चांगलं आहे सगळं. पण आमच्या वेळी हे काम भावगीत करायचं. पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा. 'शुक्रतारा' ऐकायला पट्टी चढवावी लागत नाही.

बेसगिटार
तात्या, मान्य. पण त्यात सोलोला इलेक्ट्रिक गिटार असती तर आम्ही वरच्या मजल्यावरचेसुद्धा उघडपणे ऐकलं असतं.

तात्या_निवृत्त
देव न करो.

घाटरस्ता
पाचगणीला लोक टेबललँडवर घोड्यावर बसतात, स्ट्रॉबेरी क्रीम खातात आणि परत येतात. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बुलसारा शिकला, म्हणजे क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी. शाळेतल्या पोरांचा बँडही होता, 'द हेक्टिक्स', त्यात तो पियानोवर. पुढे १९८५ ला रिओमध्ये 'लव्ह ऑफ माय लाइफ' अख्ख्या मैदानाने म्हटलं. व्हिडिओ बघा. पोर्तुगीज बोलणारी जनता, गाणं इंग्रजी, आणि एक शब्द चुकत नाहीये. सोलापूरच्या वहीसारख्या वह्या तिकडेही असणार.

एडिसनची_वहिनी
आमच्या इथून (एडिसन, न्यू जर्सी) नदी ओलांडली की सेयरव्हिल, बॉन जोव्ही लहानाचा मोठा झाला ते गाव. पाहुण्यांना दाखवायला नेलं तर विचारतात, इथे आहे काय बघण्यासारखं? काही नाही, घरं आहेत.
आणि फॉरेनर बँडच्या 'आय वाँट टू नो व्हॉट लव्ह इज'मध्ये (१९८४) शेवटी जो घोळका गातो तो न्यू जर्सी मास कॉयर! चर्चमध्ये गाणारी मंडळी. म्हणून तिथे आरतीला उभं राहिल्यासारखं वाटतं. आमच्या मंडळाच्या कराओकेला हे गाणं ठेवलं की शेवटी सगळे घुसतात, एरवी पुढे या म्हटलं तर कुणी येत नाही.

पोळ्या_लाटतेय
आले परत. माझं राहिलं होतं ते सांगते. एमएलटीआरचं (मायकल लर्न्स टू रॉक) 'टेक मी टू युअर हार्ट' मूळचं चिनी आहे, जॅकी च्युंगचं! डॅनिश लोकांनी इंग्रजीत केलं आणि आम्ही नागपुरात रडलो.

साडेनऊची_लोकल
जर्नी या अमेरिकन बँडचं तर त्याहून भारी. त्यांना गायक हवा होता, २००७ ला गिटारवाल्या नील शॉनने यूट्यूबवर मनिलाचा आर्नेल पिनेडा बघितला, त्यांचीच गाणी गाणारा. तोच उचलला. इकडे आमचा भाचा रोज यूट्यूबवर गातो, त्याला फक्त सोसायटीच्या चेअरमनचे फोन येतात.

खिडकीची_सीट
सगळं वाचलं, मस्त धागा. विषयाला सोडून विचारतो: माझ्या टेपचा बेल्ट सैल झालाय, सगळे गायक दारू प्यायल्यासारखे गातात. पुण्यात बेल्ट कुठे मिळेल?

तात्या_निवृत्त
तापकीर गल्लीत विचारा. जुना बेल्ट सोबत न्या, मापाला लागतो. आणि आणलात की आधी दाते लावा.

खिडकीची_सीट
तात्या, जुना बेल्ट उंदराने नेला. आत्ता रबर बँड लावलाय.

बेसगिटार
रबर बँडवर नको रे! कॅसेट गुंडाळली की पेन्सिल घेऊन बसशील रात्रभर.