एम.एस्सी. जिऑलॉजी करून एमबीए का? पॅनेलला काय सांगू?

कामठीची_पोर

नमस्कार मंडळी. नागपूर विद्यापीठातून बी.एस्सी. आणि मग जिऑलॉजीत एम.एस्सी. केलं. दहावीला ८९ टक्के, बारावीला ७१, बी.एस्सी.ला ६४, एम.एस्सी.ला जरा सावरलं. सध्या कोळशाचं ड्रिलिंग करणाऱ्या एका खाजगी कंत्राटदाराकडे उमरेडच्या बाजूला साइट जिऑलॉजिस्ट आहे. कॅट बरी गेली. दोन ठिकाणांहून मुलाखतीचं बोलावणं आलंय आणि दोघांनाही आधी एक टिपण हवंय: तुमचं आजवरचं शिक्षण एमबीएला कसं पूरक आहे, तीनशे शब्दांत.

मी केलेली सुरुवात अशी: ‘भूगर्भशास्त्राने मला संयम शिकवला. खडक जसा लाखो वर्षांच्या दाबाखाली घडतो, तसंच नेतृत्वही दाबाखालीच घडतं...’ घरी वाचून दाखवलं तर भाऊ लोळून लोळून हसला. मलाही ते खोटं वाटतंय, पण दुसरं सुचत नाही. इंजिनीअरिंगवाले ‘प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ म्हणून मोकळे होतात, कॉमर्सवाल्यांना तर विचारतच नाहीत. मी काय सांगू? फॉसिल ओळखता येतात म्हणून?

तसंही सध्या डोकं ठिकाणावर नाही. रिगवाल्यांना, म्हणजे ड्रिलिंग मशीन चालवणाऱ्यांना, मीटरमागे पैसे, त्यामुळे कोळशाची सीम (थर) लागली तरी ते धाडधाड खाली जातात. कोअर, म्हणजे भोकातून वर काढायचा खडकाचा दांडका, अर्धा वाहून जातो आणि ओरडा मला बसतो. आता कॅम्प मॅनेजरच्या मागे लागून सीममधले मीटर वेगळे धरायला लावलेत, तेव्हापासून जरा बरं आहे. ते असो. टिपणाचं सांगा.

---

तर्री_सॅम्पल

पॅनेलला सांग: पगार. विषय संपला. सगळे त्यासाठीच जाऊन राहिले आहेत, बोलत कोणी नाही.

बाकी तो दाबाचा परिच्छेद राहू दे. दिवसभर मुलाखती घेऊन कंटाळलेल्या माणसांचं तेवढंच मनोरंजन.

---

बर्डीवाला

तर्रीभाऊ, तुमचं चालू द्या.

पोरी, उत्तर तू स्वतःच लिहिलंस आणि पुढे ‘ते असो’ म्हणून पुसून टाकलंस. त्या शेवटच्या परिच्छेदाकडे परत ये. आधी थोडं मागचं सांगतो.

मीही जिऑलॉजीवाला. काही वर्षं मँगनीजच्या खाणीत काढली, मग एमबीए, आता एका पोलाद कारखान्यासाठी फेरोमँगनीजची खरेदी बघतो. माझ्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न होता, ‘खडकवाल्याचं इथे काय काम?’ विचारणारे फायनान्सचे प्राध्यापक होते आणि चेहऱ्यावरून तरी गंमत करत नव्हते. मी त्यांना यूएनएफसीचा, म्हणजे खनिजसाठ्यांच्या वर्गवारीचा, कोड सांगितला.

तुलाही पाठ असेल. १११ म्हणजे प्रूव्ह्ड रिझर्व्ह, काढायला परवडणारा खात्रीचा साठा; ३३३ म्हणजे इन्फर्ड रिसोर्स, नुसता अंदाजाने धरलेला. आता बघ, या तीन आकड्यांत पहिला आकडा कशाचा? आर्थिक बाजूचा. दुसरा, खाण काढणं कितपत जमण्यासारखं आहे त्याचा. आणि आपलं भूगर्भशास्त्र, ज्यासाठी आपण हातोडा घेऊन उन्हात भाजून निघतो, ते तिसऱ्या नंबरवर. जमिनीत दगड तोच आणि तेवढाच असतो. मँगनीजचा भाव पडला की कट-ऑफ ग्रेड, म्हणजे परवडण्यासाठी खनिजात लागणारं किमान प्रमाण, वर सरकते आणि कालपर्यंतच्या रिझर्व्हमधला काही भाग आज नुसता रिसोर्स होऊन बसतो. खडकाचं काहीही बदललेलं नसतं, बदललेला असतो बाजार. कॉलेजात इकॉनॉमिक जिऑलॉजीचा पेपर आपण खनिजांची नावं आणि जिल्हे पाठ करून काढतो आणि त्यातलं ‘इकॉनॉमिक’ तसंच राहून जातं.

दुसरी गोष्ट लिलावाची. २०१५ साली खाण कायदा बदलला आणि खाणपट्टे लिलावाने जाऊ लागले. बोली लागते ती पाठवलेल्या खनिजाच्या किमतीच्या टक्क्यांत. पुढे ओडिशातल्या लोहखनिजाच्या लिलावांत बोली शंभर टक्क्यांच्याही वर गेल्या. म्हणजे काही कोटी टन माल जमिनीखाली आहे असं मोजक्या बोअरहोलवरून कोणीतरी म्हणणार आणि त्यावर दुसरा कोणीतरी अख्खी कंपनी पणाला लावणार. अपुऱ्या माहितीवर मोठा पैसा कसा लावायचा, हे एमबीएवाले दोन वर्षं केस स्टडीतून शिकतात. आपण ते कोअर बॉक्ससमोर बसून करतो. फक्त त्यातला पैशाचा हिशेब आपल्याला येत नाही, आणि आपण एमबीएला जातो ते त्यासाठी. हे असं सरळ सांगता येतं, त्याला दाब-बिब लागत नाही.

आता तुझा कोअर. सीममध्ये नव्वद टक्क्यांच्या पुढे रिकव्हरी (खोदलेल्या लांबीपैकी हाती आलेला कोअर) हवी असं आपण म्हणतो ते का, हे पॅनेलला माहीत नसणार. त्यांना नीट दाखव. तीन मीटरचा रन घेतला, म्हणजे एका खेपेत तेवढं खोदलं, आणि पेटीत कोअर पावणेदोन मीटरच भरला, तर बाकीचा गेला कुठे? पाण्याबरोबर वाहून गेला. आणि वाहून जाणारा कोळसा कोणता असतो? चमकदार आणि ठिसूळ, म्हणजे चांगला. मागे राहतो तो मळकट, शेल या मातकट दगडाच्या पट्ट्या असलेला. तोच नमुना लॅबमध्ये जातो, राख जास्त दिसते, जीसीव्ही, म्हणजे जळताना मिळणारी उष्णता, कमी येतो. २०१२ पासून आपल्याकडे कोळशाची प्रत जीसीव्हीवर ठरते, जी-१ ते जी-१७, आणि प्रत बदलायला ३०० किलोकॅलरी पुरतात. प्रत उतरली की भाव उतरला. म्हणजे रिगवर मीटरमागे पैसे देण्याची पद्धत थेट त्या ब्लॉकच्या, म्हणजे कोळशाच्या त्या पट्ट्याच्या, किमतीचा अंदाज बिघडवते आणि तेही एकाच दिशेने. ड्रिलर बिचारा वाईट माणूस नाही. त्याला ज्याचे पैसे मिळतात ते तो करतो.

तू काय केलंस? ओरडत बसली नाहीस, मोजायची पद्धत बदलायला लावलीस. एमबीएत यावर अख्खा विषय असतो. तू तो कॅम्पवर चिखलात उभी राहून केलास, पण तुझ्याकडे त्याची भाषा नाही, आकडेमोड नाही आणि एका रिगच्या पलीकडे तो नेण्याचा अधिकारही नाही. तीनशे शब्द यावरच लिही.

एक अवांतर. तू नागपूरची आहेस, त्याचा उपयोग कर. मँगनीजची सरकारी कंपनी मॉयल काटोल रोडवर, कोळशाची वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) सिव्हिल लाइन्सला, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालयही तिथेच. मुंबईच्या पोराला खाण हा धंदा पेपरातल्या बातमीत भेटतो, तुझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे काका-मामा त्यात असतील. एमबीएनंतर काय करणार याचं उत्तर ‘कन्सल्टिंग’ असं हवेत देऊ नकोस, या गावातल्या धंद्यावर बोट ठेवून दे.

---

मॉकवाली_मावशी

बर्डीवाल्यांनी टिपणाचं सांगितलं, मी मुलाखतीचं सांगते. मी धरमपेठेत मुलांच्या सरावाच्या मुलाखती घेते. दरवर्षी दिसतं ते हे: मुलं ‘एमबीए का’ हे घोटून येतात आणि स्वतःच्या विषयावर आपटतात. पॅनेलला वाटतं, ही जिऑलॉजीच्या जोरावर इथे आली आहे ना, मग ती येते का ते तरी बघू. आणि प्रश्न फार वरचे नसतात. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती कशाची? बेसॉल्टची. त्याखाली? लॅमेटा, म्हणजे ट्रॅपच्या आधीचे गाळाचे खडक. दख्खनचा ट्रॅप, म्हणजे लाव्हाचा बेसॉल्ट, इथे नागपुरातच संपतो आणि पूर्वेकडे नाइस नावाचे जुने खडक लागतात, हे दोन वाक्यांत, हाताने हवेत नकाशा काढत सांगता आलं पाहिजे. मँगनीजवाला खडक गोंडाइट काय, त्याला गोंडांचं नाव कसं? कामठीच्या मुलीला कामठी फॉर्मेशन, म्हणजे तिच्याच गावाच्या नावाचा खडकांचा गट, विचारणारच, तिथे अडखळलीस तर बाकी सगळं पाण्यात. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते मिशनरी हिस्लॉप इथले खडक आणि जीवाश्म अभ्यासत फिरायचे, हेही गप्पांच्या ओघात आलं तर छान दिसतं. मुद्दाम घुसडू नकोस.

हमखास येणारा दुसरा प्रश्न: यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा का दिली नाही? किंवा दिली असशील तर काय झालं? तिथे गोलगोल बोललेलं लगेच कळतं. दिली आणि जमलं नाही तर तसं सांग. दिलीच नसशील तर कारण सांग, पण ‘सरकारी नोकरीत वाव नाही’ हे वाक्य तोंडातून काढू नकोस. समोरचे बहुतेकजण स्वतः सरकारी संस्थेत नोकरी करत असतात.

गुणांचं दडपण घेऊ नकोस. काही आयआयएम दहावी-बारावी-पदवीचे गुण निवडीत धरतात, ते आता बदलणार नाहीत. बारावीचं विचारलं तर एका वाक्यात सांगून पुढे जा. दुसरीकडे, वर्गात सगळे इंजिनीअर नकोत म्हणून बऱ्याच संस्था वेगळ्या शाखेच्या मुलांना थोडं झुकतं माप देतात. तुझी शाखा अडचण आहे असं समजून माफी मागितल्यासारखी आत जाऊ नकोस.

आणि तर्रीभाऊ, पगाराचं तुम्ही चूक बोलला नाहीत. विचारलं तर तेही सांगायला हरकत नाही, फक्त पहिलं वाक्य ते नको.

---

तर्री_सॅम्पल

मावशी, आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला चूक नाही म्हटलं. स्क्रीनशॉट काढला.

---

कामठीची_पोर

दादा, मावशी, काय बोलू. काल कॅम्पवर रात्री बसून नव्याने लिहिलं. सुरुवात टाकते, सांगा:

‘कोळशाच्या बोअरहोलवर ड्रिलिंगच्या टीमला मीटरमागे मोबदला मिळतो. सीम लागल्यावर सावकाश जाण्यात त्यांचा तोटा असतो, म्हणून ते सावकाश जात नाहीत. ठिसूळ, चांगला कोळसा वाहून जातो, उरलेल्या नमुन्यात राख जास्त दिसते आणि ब्लॉक आहे त्यापेक्षा हलका ठरतो. साइट जिऑलॉजिस्ट म्हणून हे मला कोअर बॉक्समध्ये दिसलं, कारण मी पाच वर्षं हेच वाचायला शिकले. उपाय मात्र जिऑलॉजीत नव्हता. सीममधले मीटर रोजच्या टार्गेटमधून वगळून त्यांचा मोबदला रिकव्हरीवर द्यावा असं मी सुचवलं. एका रिगवर ते मान्य झालं. सगळ्या रिगवर तसं करायचं तर किती खर्च येईल आणि त्यातून किती वाचेल, हे कंपनीने विचारलं तेव्हा मला ते मांडता आलं नाही. लहानपणापासून मला व्यवसायाची आवड...’

यापुढे गाडी अडली. आणि मावशी, यूपीएससीची परीक्षा दिली होती, मुलाखतीपर्यंत गेले नाही. तसंच सांगेन.

---

बर्डीवाला

गाडी अडली नाही, ‘लहानपणापासून’ पाशी रुळावरून उतरली. ते वाक्य काढ. ‘मांडता आलं नाही’ नंतर सरळ लिही की तुला कॉस्टिंग, मोबदल्याची रचना आणि खाणप्रकल्पाचं मूल्यांकन शिकायचंय. त्या संस्थेत याचे कोणते विषय आहेत ते त्यांच्या अभ्यासक्रमातून बघून नावानिशी टाक. दोन्ही ठिकाणी तेच टिपण चालवू नकोस, ओळखतात.

रिकव्हरी आधी किती होती आणि नंतर किती झाली, तो आकडा हवाच. पण अंदाजाने ठोकू नकोस, लॉगशीटवरून काढ. पॅनेलमधला एखादा त्या आकड्यालाच धरून बसेल: किती रनवरून काढला, सीमची जाडी सगळीकडे सारखी होती का, ड्रिलर तोच होता का. ही सगळी उत्तरं तुझ्याकडे असतील तर पुढची दहा मिनिटं तुझीच.

आणि महत्त्वाचं. ब्लॉकचं नाव, बोअरहोलचे नंबर, सीमची खोली यातलं काहीही टिपणात जाऊ देऊ नकोस. तो डेटा तुझा नाही, ज्याने ड्रिलिंग करून घेतलंय त्याचा आहे. आकडा वापरण्याआधी तुझ्या मॅनेजरला विचार आणि जमलं तर त्याचा होकार मेलवर घे.

---

कामठीची_पोर

ब्लॉकचं नाव दुसऱ्या पानावर होतं, काढलं. मॅनेजरसाहेब गुरुवारी कॅम्पवर येतात, तेव्हा विचारते. ‘टक्का छान दिसत असेल तर खुशाल लिही’ म्हणतील, त्यांचा स्वभाव तसाच आहे. मेलसाठी मात्र मागे लागावं लागेल.

मावशी, शनिवारी संध्याकाळी सरावाच्या मुलाखतीला जागा आहे का?

---

मॉकवाली_मावशी

आहे, सहानंतर ये. टिपण छापून आण, फोनवर दाखवू नकोस.