विमानतळाच्या स्टेशनला जादा भाडं कशासाठी?

खिडकीपाशी: "विमानाचं तिकीट परवडतं, त्यांनी स्टेशनच्या जादा भाड्यावर कुरकुर करू नये." हे वाचून राहवलं नाही. तिथे उतरणारा प्रत्येक जण विमानात बसतो का? माझी बहीण तिथे साफसफाईच्या पाळीला जाते. स्टेशनच्या जादा भाड्याची ही फी चुकवायला ती एक स्टेशन आधी उतरते आणि पुढे चालत जाते. पावसाळ्यात कामावर पोचली की आधी मोजे पिळते, मग झाडू हातात घेते. तिकडे सिडनीत विमानतळाच्याच मार्गावरच्या मॅस्कॉट आणि ग्रीन स्क्वेअर स्टेशनांची अशी फी 2011 मध्ये सरकारने स्वतःवर घेतली, विमानतळाची मात्र तशीच ठेवली.

हिशेबी: ते वाक्य माझं आहे आणि मी त्यावर ठाम आहे. सिडनीची ती स्टेशनं खाजगी पैशातून उभी राहिली. 2000 साली सुरू झाली आणि त्याच वर्षी ती चालवणारी कंपनी बुडाली. फी काढा म्हणता, मग पैसे कोण भरणार? विमानतळाकडे कधी न फिरकणारा करदाता?

खिडकीपाशी: टोरंटोत 2015 मध्ये विमानतळाला जाणारी यूपी एक्स्प्रेस ही गाडी सुरू झाली, भाडं 27.50 डॉलर. गाड्या रिकाम्या धावल्या. मार्च 2016 मध्ये 12 वर आणलं, तेव्हा माणसं चढली. रिकामा डबा ओढायलाही वीज लागतेच ना?

हिशेबी: माणसं चढली म्हणजे तोटा भरून निघाला असं होत नाही. लंडनच्या हीथ्रो विमानतळाला घाई असलेला महागड्या हीथ्रो एक्स्प्रेसने जातो, बाकीचे एलिझाबेथ किंवा पिकॅडिली लाइनची स्वस्त गाडी धरतात. वेगाचे पैसे घेतले तर बिघडलं काय?

रात्रपाळी: तिथे स्वस्त गाडी आहे म्हणून ते चालतं. जिथे एकच मार्ग आहे तिथे काय करायचं? आणि भाड्याचं काय घेऊन बसलात, आमच्या वेळेला गाडीच नसते! माझी पाळी रात्री पावणेदोनला सुटते, शेवटची गाडी त्याआधीच गेलेली. पहाटेपर्यंत बाकावर बसते. पहारेकरी दोनदा उठवतो.

दोन बॅगा: अगदी! आणि पहाटेच्या विमानाला जाणाऱ्यांनी काय करायचं? आईला व्हीलचेअरवर घेऊन गेलो तर लिफ्ट बंद. दोन बॅगा आणि खुर्ची जिन्यावरून चढवली. जादा पैसे घेता ना, मग लिफ्ट तरी चालू ठेवा!

हिशेबी: रात्री रुळांची देखभाल करावी लागते. विषय भाड्याचा आहे, भरकटवू नका.

रात्रपाळी: भरकटवतेय? बाकावर तुम्ही बसता का रात्रभर?

हिशेबी: बरं. कामगारांना सवलतीचा पास द्यावा, एवढं मान्य. प्रवाशांची फी राहू दे.

खिडकीपाशी: पास कोणाच्या नावावर देणार? बहीण कंत्राटावर आहे. कंत्राटदार बदलला की तिचं ओळखपत्रही बदलतं.