सात वर्षांची अट
स्टोव्हच्या भडक्याने सून दगावते, घरचे अपघात म्हणतात आणि संशय एकट्या गुप्तहेराला येतो, अशी सांगलीत घडणारी एक रहस्यकथा कोणीतरी सुचवली आहे; ती मला लंगडी वाटते. कारण लग्नाला सात वर्षे झालेली नसताना विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम १९४ नुसार शवविच्छेदन आणि १९६ नुसार दंडाधिकाऱ्यांची चौकशी टळत नाही. (ओळखीचे पंच मिळाले की पंचनामा गुळमुळीत होतो, ती गोष्ट वेगळी.) त्याऐवजी लग्नाला नववे वर्ष लागलेले दाखवावे. मग ही चौकशी सक्तीची राहत नाही, आणि भर उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाऊज घालणारी, नवरा समोर असेल तेव्हाच माहेरी फोन करणारी ती दगावलेली सून गुप्तहेराला सांगलीच्या गावभागातल्या शेजारणींच्या बोलण्यातूनच शोधावी लागेल.