पंपाचा बोल्ट तुटून आत राहिलाय, काढायचा कसा? अर्जंट

चिकोडी_शेतकरी
पंपाचा बोल्ट तुटलाय, अर्धा आतच. पकड लागत नाही, डब्ल्यूडीचा गंज सोडवायचा स्प्रे मारून बसलोय. सोयाबीनवर अळी आहे, उघडीप आहे तोवर फवारणी उरकायची आहे. गॅरेजला न्या म्हणून सांगू नका.

खानापूरचा_मिस्त्री
किती एचपी? मोनोब्लॉकचं केसिंग बिडाचं असतं. तुटक्या बोल्टवर नट ठेवायचा, नटाच्या भोकातून वेल्डिंग भरायचं, लाली उतरली की पान्यानं मागं-पुढं करत फिरवायचं. ग्लँडची दोरी पण बदलून टाका त्यातच.

चिकोडी_शेतकरी
विहिरीवरची मोटर नव्हे ओ. पाठीवरचा पेट्रोल पंप. फवारणी लिहिलंय की वर.

उद्यमबाग_टर्नर
फवारणी लिहिलंय, कुठला बोल्ट ते लिहिलं नाही. कार्बोरेटरचा, मफलरचा की खालच्या पंपाचा? एम५ की एम६, म्हणजे ५ मिमी की ६? तुकडा वर दिसतोय की आत गेलाय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, चालू मशीनवर तुटला की खोलताना पिळून तुटला?

चिकोडी_शेतकरी
मफलरचा, ॲलनकीवाला. जरासा आत आहे. माप कोण घेतंय, बारीक आहे.

निपाणी_२टी
इझी आऊट, म्हणजे तुटका बोल्ट काढायची उलट्या आट्यांची निमुळती खुंटी. भोक पाडा, ठोका, उलटं फिरवा, विषय संपला. आणि मफलर जाम होतोय म्हणजे पेट्रोलमध्ये तेल जास्त पडतंय. ५०:१ ला लिटरमागं २० मिली पुरे, लोक बिनधास्त ४० ओततात.

खानापूरचा_मिस्त्री
मफलर जाम आहे असं कोण म्हणालं? आणि ४० मिली म्हणजे २५:१, बऱ्याच पंपांच्या टाकीवर तेच छापलेलं असतं. २० घालून पिस्टन धरला तर कोण बघणार?

उद्यमबाग_टर्नर
तेलाचं दुसरीकडं भांडा.
इझी आऊटचं सांगतो. एम५ मध्ये बसणारा इझी आऊट काडीएवढा असतो, कडक पण ठिसूळ. आत मोडला की साधं हायस्पीड ड्रिल त्यावर नुसतं घसरतं, मग स्पार्क इरोजनशिवाय, म्हणजे विजेच्या ठिणगीनं धातू झिजवल्याशिवाय, गत नाही. शिवाय तो निमुळता, ठोकला की बोल्ट फुगतो आणि आट्यात आणखी आवळून बसतो. जाम बोल्टला इझी आऊट लावणं म्हणजे दुखणं वाढवणं.

घड्याळ_काटा
तुरटी! घड्याळाच्या पितळी प्लेटमधला तुटका स्टीलचा स्क्रू तुरटीच्या गरम पाण्यात विरघळवून काढतात. ॲल्युमिनियमलाही चालतं. स्टेनलेस बोल्ट असेल तर मात्र उपयोग नाही.

खानापूरचा_मिस्त्री
म्हणजे सिलिंडर उतरवायचा, खालचं गॅस्केट नवं आणायचं आणि भांडं चुलीवर ठेवून बसायचं. अळी थांबणार आहे काय तोवर? त्यापेक्षा वेल्डिंग.

उद्यमबाग_टर्नर
तुरटीचा उपाय खरा आहे, पण एम५ चा तुकडा विरघळायला किती वेळ लागेल याचा भरवसा नाही. मोडलेला टॅप (आटे पाडायचं हत्यार) काढायला मी तो सुचवेन, इथं नाही. साध्या आर्कचा २.५ चा रॉड ५ मिमीच्या बोल्टवर आत नेणार कसा? ॲल्युमिनियम ६६० अंशाला पातळ होतं, कडेला आर्क लागला की बॉसच, म्हणजे बोल्ट बसतो तो उंचवटाच, गेला. आर्गन वेल्डिंगवाल्याचा हात चांगला असेल तर जमतं, ते शेवटी.
चिकोडीवाले, माझा प्रश्न तसाच आहे.

चिकोडी_शेतकरी
चालू असताना. फटफट आवाज आला, बघतो तर मफलर एका बोल्टवर लोंबूलाय. दुसरा बोल्ट काढून मोजला, ५ मिमी.

उद्यमबाग_टर्नर
हे पहिल्यांदाच सांगायचं की! खोलताना पिळून तुटला असता तर तुकडा आट्यात धरलेला असता. हा ढिला होऊन हादऱ्यानं तुटलाय, आत बहुतेक मोकळाच आहे.

आधी पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. दोरी हळू ओढून पिस्टन वर आणा, म्हणजे एक्झॉस्टचं तोंड झाकतं, वर ग्रीस लावलेली चिंधी कोंबा. बुरा आत गेला तर बोअरवर ओरखडे पडतील.

टोकदार स्क्रायबर (धातूवर रेघ मारायची सळई) तुकड्याच्या कडेला टेकवून डावीकडं हलके टिचक्या मारा. फिरला तर तिथंच काम झालं.

नाही फिरला तर हॉट एअर गननं बॉस तापवा. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, पकड सुटते. गरम असतानाच मेणबत्ती टेकवा, मेण पातळ होऊन आट्यात शिरतं. गार होऊ द्या. मग डावं ड्रिल, म्हणजे उलट्या फिरण्यानं कापणारं, आधी २.५ मिमी, मग ३, मशीन उलटं आणि सावकाश. साधं ड्रिल लावलं तर तुकडा आणखी आत जाईल.

मध्य चुकला की ड्रिल मऊ ॲल्युमिनियमकडं पळतं. म्हणून मफलर एका बोल्टवर परत आवळा आणि रिकाम्या भोकात घट्ट बसेल असा, आत २.५ चं भोक असलेला बुश (छोटी नळी) करून घाला. लेथवर दोन मिनिटांचं काम आहे.

तरी नाही आला तर ४.२ पर्यंत भोक वाढवा, उरलेली आट्याची तार सुईनं ओढून काढा आणि एम५ चा टॅप फिरवा. आटे गेले तर ५.२ चं भोक आणि हेलिकॉईल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग. एम६ करायच्या आधी कडेची भिंत किती उरते ते बघा.

निपाणी_२टी
एवढ्यात माझा इझी आऊट दोनदा फिरला असता.

चिकोडी_शेतकरी
स्क्रायबरनं नाही हलला. अडीचनं पण नाही. तीनचं ड्रिल धरलं आणि तुकडा ड्रिललाच चिकटून बाहेर आला. आटे ठीक दिसूलेत. नवा बोल्ट किती लांब घेऊ?

उद्यमबाग_टर्नर
फ्लँज, गॅस्केट, वॉशर मिळून जी जाडी होईल त्यात १० मिमी मिळवा. ॲल्युमिनियममध्ये व्यासाच्या दुप्पट तरी आत जायला हवं. पण आधी भोकात काडी घालून खोली मोजा. बोल्ट तळाला टेकला तर हाताला घट्ट लागेल आणि मफलर ढिलाच राहील. ८.८ ग्रेडचा घ्या, स्प्रिंग वॉशर घाला, ५-६ न्यूटन-मीटरच्या वर जाऊ नका. लॉकटाईट (आटे चिकटवायचा गोंद) नको, मफलरच्या उष्णतेनं ते सुटतं. दुसरा जुना बोल्ट पण बदला, सगळा भार त्यानंच सोसलाय. गॅस्केट फुटलं असेल तर तेही. पहिली टाकी संपली की गार झाल्यावर दोन्ही परत आवळा.