शब्दचर्चा: ‘सॉकर’ लिहावे की ‘फुटबॉल’?

अनुस्वार
एका इंग्रजी लेखाचा अनुवाद हातात आहे. विषय: अमेरिकेत सॉकर अजून पहिल्या पंगतीत का बसत नाही. एका वाक्याचा आशय असा, की रविवारी फुटबॉल बघणारा माणूस सॉकरकडे वळत नाही. तिथे ‘फुटबॉल’ म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा त्यांचा खेळ आणि आपला फुटबॉल तो ‘सॉकर’. मराठीत दोन्ही फुटबॉलच! मी ‘सॉकर’ आणि ‘अमेरिकी फुटबॉल’ अशी जोडी वापरली. संपादकांनी ‘सॉकर’ हा अमेरिकी शब्द म्हणून सगळीकडे खोडला, त्यामुळे वाक्य निरर्थक झाले. आणखी एक: लेखात ‘टाय’ वारंवार येतो. त्याला ‘अनिर्णित’ म्हणावे की ‘बरोबरी’?

मध्यरेषा
‘सॉकर’ अमेरिकी नाही, अस्सल इंग्लिश आहे. १८६३ मध्ये लंडनला फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि तिच्या नियमांनी खेळला जाणारा तो ‘असोसिएशन फुटबॉल’. शब्दाचा तुकडा तोडून पुढे ‘अर’ लावायची ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांची लकब होती. रग्बीचे ‘रगर’ झाले, तसे ‘असोसिएशन’मधल्या ‘सॉक’ (soc) या तुकड्याचे ‘सॉकर’. पुढे कित्येक दशके इंग्लंडमधली वर्तमानपत्रे हा शब्द निःसंकोच छापत होती.

अमेरिकेत काय झाले ते पाहा. १९१३ मध्ये तिथली राष्ट्रीय संघटना निघाली तिचे नाव ‘युनायटेड स्टेट्स फुटबॉल असोसिएशन’. १९४५ मध्ये त्यात ‘सॉकर’ घातला: ‘सॉकर फुटबॉल असोसिएशन’. १९७४ मध्ये ‘फुटबॉल’ गळाला आणि ‘सॉकर फेडरेशन’ उरली. ‘फुटबॉल’ या नावावरचा हक्क सोडायला त्यांना ६१ वर्षे लागली. तुमचा लेख ज्या झगड्याबद्दल आहे, तो या नावातच दिसतो. म्हणून तुमच्या अनुवादात ‘सॉकर’ राहिलाच पाहिजे.

रानजाई
मला हे पटत नाही. मराठी वाचकासाठी लिहायचे तर शब्द मराठी हवा. ‘पदकंदुक’ काय वाईट आहे? क्रिकेटला आपण चेंडूफळी म्हणतच होतो. शिवाय जो खेळ हातात चेंडू घेऊन खेळतात त्याला ‘फुटबॉल’ म्हणण्याची अमेरिकेची चूक आपण का गिरवायची?

मध्यरेषा
‘चेंडूफळी’ मागे पडला. षटकार, यष्टिरक्षक, गोलंदाज मात्र घट्ट रुळले. फुटबॉलमध्येही गोलरक्षक, बचावपटू, मध्यरक्षक सहज चालतात. खेळातल्या माणसांची आणि क्रियांची नावे मराठी होतात. फुटबॉल, हॉकी, टेनिस ही खेळांची नावे तशीच राहतात.

आणि त्यात अमेरिकेची चूक नाही. १८६९ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांत अमेरिकेतला कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना झाला, त्यात दोन्हीकडे २५-२५ खेळाडू होते आणि चेंडू उचलून पळायला मनाई होती. रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. पुढे कॉलेजांनी रग्बीचे नियम घेतले आणि वॉल्टर कँप यांच्या पुढाकाराने १८८० ते १८८२ दरम्यान आजच्या अमेरिकी खेळाचा सांगाडा उभा राहिला. चेंडू पुढच्या दिशेने फेकायची मुभा तर १९०६ ची. नाव आधीचे आहे, खेळ त्याच्याखाली बदलत गेला.

दुवा
फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा नव्हे, तर घोड्यावर न बसता पायी खेळायचा, अशीही व्युत्पत्ती सांगतात. ती धरली तर दोन्ही खेळ फुटबॉल ठरतात.

मध्यरेषा
सांगतात खरे, पण तो तर्क आहे. त्यावर अनुवादाचा निर्णय टेकवू नये.

पेठकर
‘टाय’बद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून सांगतो. ‘अनिर्णित’ मुळीच लिहू नका. क्रिकेटमध्ये वेळ संपली आणि निकाल लागला नाही की सामना अनिर्णित. त्यात धावा सारख्या असाव्या लागत नाहीत. धावा सारख्या होऊन डाव संपले, तर बरोबरी. फुटबॉलमध्ये गोल सारखेच असतात, म्हणून तिथे नेहमी ‘बरोबरी’. कुस्तीतही दोन्ही मल्ल तोडीस तोड ठरले की कुस्ती ‘बरोबरीत सोडवली’ म्हणतात. त्यात मानही आहे.

नेमका हा मान अमेरिकी प्रेक्षकाला समजावणे जड गेले. बेसबॉल आणि बास्केटबॉल निकाल लागेपर्यंत चालतात. अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगनेही १९७४ पासून साखळी सामन्यांत जादा वेळ आणला, तेव्हापासून तिथे बरोबरी विरळा. म्हणून मेजर लीग सॉकर ही तिथली व्यावसायिक सॉकर लीग १९९६ मध्ये सुरू झाली तेव्हा बरोबरी ठेवलीच नाही. गोल समान राहिले की शूटआउट: चेंडू ३५ यार्डांवर ठेवायचा, शिटी वाजली की खेळाडूने पळत यायचे, गोलरक्षकाने पुढे सरकायचे, सारे ५ सेकंदांत. शूटआउट जिंकणाऱ्याला १ गुण, नियमित वेळेत जिंकणाऱ्याला ३. फलकावरचे घड्याळही उलटे, शून्याकडे जाणारे. ज्यांना हा खेळ आधीपासून आवडत होता त्यांना ही मोडतोड वाटली आणि ज्यांच्यासाठी केली ते आलेच नाहीत. २००० च्या हंगामापासून शूटआउट आणि उलटे घड्याळ, दोन्ही गेले.

नीलकांती
मूळ लेखाच्या मथळ्यात ‘लोकप्रिय नाही’ असे असेल तर तेही तपासा. मराठीत ‘रुजणे’ आणि ‘रुळणे’ वेगळे आहेत आणि इथे हाच फरक कामाला येतो.

सॉकर तिथे रुजलेला आहे. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टॉरन्सला मुलांची एवायएसओ ही संघटना निघाली, तिचा नियमच असा की प्रत्येक मूल मैदानावर उतरलेच पाहिजे. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने शाळा-कॉलेजांत मुलींना खेळाची समान संधी द्यावी लागली आणि मुलींचे संघ उभे राहिले. त्याचे फळ १९९९ मध्ये दिसले: महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला कॅलिफोर्नियातल्या रोझ बोल मैदानात ९०,१८५ प्रेक्षक होते. १९९४ च्या पुरुषांच्या विश्वचषकात ५२ सामन्यांना जवळपास ३५ लाख ८७ हजार प्रेक्षक आले. १९९८ पासून सामने ६४ झाले, तरी २०२२ पर्यंत तो आकडा कोणी ओलांडला नाही.

पण दर आठवड्याला टीव्हीसमोर बसून बघायचा खेळ म्हणून तो रुळायला फार वेळ लागला. अमेरिकी फुटबॉलचे घड्याळ ६० मिनिटांचे असते, पण खेळ सतत थांबतो, म्हणून सामना तीन तासांवर जातो आणि प्रत्येक खंडात जाहिराती बसतात. सॉकरमध्ये ४५ मिनिटे सलग खेळ. वाहिनीने जाहिरात विकायची कुठे? म्हणून ‘मुख्य प्रवाहात आला नाही’ हे इंग्रजी वळण टाळा आणि सरळ ‘खेळायला रुजला, बघायला रुळला नाही’ असे लिहा.

दुवा
पेले यांच्या काळाचे काय? १९७७ मध्ये जायंट्स स्टेडियमवर त्यांच्या न्यूयॉर्क कॉसमॉस संघाच्या एका सामन्याला ७७,६९१ लोक होते. बघायलाही रुळला होता की!

नीलकांती
तो न्यूयॉर्कचा आकडा. कॉसमॉस ज्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगमध्ये खेळत होता, त्या लीगने १९७८ मध्ये एकदम २४ संघ केले. बाकी बऱ्याच शहरांत खुर्च्या रिकाम्या आणि खेळाडूंचे पगार कॉसमॉसशी चढाओढ करणारे. १९८४ चा हंगाम शेवटचा ठरला. त्याला ‘बहर आला आणि ओसरला’ म्हणा, ‘रुळला’ नको.

पेठकर
अनुवादात ‘क्लब’ही जपून वापरा. कोल्हापुरात संघ तालमीचा, तालीम पेठेची; पेठ काही उठून दुसऱ्या गावी जात नाही. मेजर लीग सॉकरमध्ये खेळाडूचा करार क्लबशी नसतो, लीगशी असतो. म्हणून ‘क्लबने खेळाडू विकत घेतला’ हे तिथे अर्धेच खरे. २००५ च्या हंगामानंतर त्या लीगमधल्या सॅन होजे शहराच्या संघाचे खेळाडू आणि प्रशिक्षक ह्यूस्टनला गेले. नाव, रंग आणि जुने विक्रम सॅन होजेतच राहिले आणि २००८ मध्ये त्याच नावाने नवा संघ उभा राहिला. आता ‘संघ स्थलांतरित झाला’ म्हणाल का? संघ म्हणजे माणसे की नाव?

रानजाई
लीगमध्ये संघ चालवायच्या या हक्काला ‘फ्रँचायझी’ म्हणतात आणि त्यालाही मराठी शब्द शोधायला हवा. कोशात ‘मताधिकार’ मिळतो, तो इथे चालणार नाही. ‘संघहक्क’ कसा वाटतो?

पेठकर
‘संघहक्क’ चांगला आहे. पण तो विकत घेणाऱ्याला काय म्हणाल? ‘संघमालक’ म्हटले तर पुन्हा तोच घोळ, कारण तिथे तो लीगचा भागीदार असतो.

अनुस्वार
‘बरोबरी’ घेतली, ‘रुजणे-रुळणे’ही घेते. ‘सॉकर’बद्दल संपादकांना १९१३, १९४५ आणि १९७४ ही तीन सालं कळवते. पण शूटआउटच्या परिच्छेदात अडले आहे: ‘जादा वेळ’ म्हटले की वाचकाला बाद फेरीतली ३० मिनिटे वाटतात आणि पंच शेवटी जोडतो ती ४-५ मिनिटेही काही जण ‘जादा वेळ’च लिहितात.

मध्यरेषा
पंच जोडतो ती ‘भरपाई वेळ’. दुखापत, खेळाडूंची बदली, वेळकाढूपणा यांत गेलेली मिनिटे तो भरून देतो. ३० मिनिटे म्हणजे ‘अतिरिक्त वेळ’, १५-१५ मिनिटांच्या दोन भागांत.

रानजाई
‘भरपाई’ फारसी-अरबी वळणाचा वाटतो. ‘पूरक वेळ’ का नको?

पेठकर
‘भर’ही आपला आणि ‘भरणे’ही आपले. त्यात फारसी कुठे आली?